बंद घरांचा महिपत

लिंबाच्या लोणच्याच्या एका फोडीवरून नवरा-बायको किती भांडू शकतात, ते मी दोन घरांमधल्या दगडी गडग्याआड बसून ऐकलेलं आहे. ऐकायला म्हणून गेले नव्हते. शेणी थापत होते. भांडण सुरू झाल्यावर शेणी जरा सावकाश थापल्या, एवढंच.

"हाताचा वास दे," महिपत म्हणाला.

"कसला वास?" गंगा म्हणाली.

"दे म्हनतो ना! हा बघ. अण्णाच्या बरणीचा वास हाय हा. आपल्या घरात औंदा लोणचं घातलंस तू? नाय ना? मग कुठनं आला हा?"

गंगानं हात पदराला पुसला. मग म्हणाली, "झाडायला पाठवलंत तेव्हा एक फोड घेतली. पोटुशी बाई हाय मी. आंबटाशिवाय घास उतरत नाय माझा."

"दुसऱ्याच्या कुलपातलं खाल्लंस!"

"मी नाय खाल्लं. पोटातल्या पोरानं खाल्लं."

"मग त्याला भायेर आल्यावर इचारीन."

आणि मेल्यानं खरंच विचारलं. मुलगी झाली, राही. ती बोबडं बोलायला लागली तेव्हा तिला मांडीवर घेऊन हा म्हणे, "अण्णाचं लोणचं तू खाल्लंस काय गो?" ती बिचारी हो म्हणाली. आता ती पोफळीला असते, नवरा तिकडे वीजघरात आहे, आणि अजूनही लिंबाचं लोणचं तिच्या तोंडाला लागत नाही.

पण तेवढ्यावर थांबला असता तर तो महिपत कसला? त्या वर्षी गणपतीला त्या बंद घराचे मालक अण्णा मुंबईहून आले. आरती झाली, सगळी वाडी त्यांच्या ओटीवर प्रसादाला जमलेली. महिपत उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णानु, माझ्या बायकोनं तुमच्या बरणीतली एक फोड खाल्ली. माझ्या ताब्यात किल्ली असताना. मी सांगून मोकळा होतोय." अण्णा भला माणूस. म्हणाला, "अरे, बरणी ने घरी." पण गंगाच्या कानापर्यंत ते कुठलं पोचायला! सात महिन्यांचं पोट घेऊन ती तशीच उठली आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी खाली गेली. त्या दिवसापासून वाडीतल्या कुठल्याही बंद घराचा उंबरठा तिनं ओलांडला नाही. सत्यनारायण असो, साखरपुडा असो, अंगणात उभी राहायची, हळदीकुंकू अंगणातच घ्यायची.

हा महिपत नात्यानं माझा चुलत दीर. तोंडावर मी त्याला भावजी म्हणायची, मनात कायम महिपत. जन्मभर त्यानं एकच काम केलं, दुसऱ्यांची घरं राखली. आमची वरची वाडी जयगडच्या रस्त्यावर, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळमाळाच्या, कडेला. घरं पुष्कळ, माणसं थोडी. निम्मी वाडी मुंबईला गेलेली. ती माणसं शिमग्याला येणार, मे महिन्यात येणार, गणपतीला येणार, बाकीचं वर्ष दाराला कुलूप. त्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या महिपतच्या कमरेला, एका लोखंडी कड्यात. चालायला लागला की बैल आल्यासारखा वाजायचा. रोज संध्याकाळी त्याची फेरी. प्रत्येक घराच्या अंगणातला पाला काढायचा, कुलूप दोनदा ओढून बघायचं, आणि पुढच्या घराकडे जायचं. ह्याबद्दल कोणी त्याला काही देत नसे आणि तो मागतही नसे. गणपतीला एक टॉवेल मिळायचा. तो खांद्यावर टाकून असा मिरवायचा, जसा काय पंचक्रोशीचा खोत.

स्वतःच्या घराला मात्र कौलं नाहीत. गंगा भातलावणीला लोकांच्या शेतात जायची, काजू फोडायला जायची, तिच्या हातांची सालं निघालेली. आणि हा मालकांच्या ओटीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारणार, "कुठं चाललास? ह्या आवारातनं वाट नाय." अरे, तुझ्या बापाचं आवार आहे काय ते?

मुंबईकरांचंही काय सांगावं! अण्णा होता तोवर घर साधं होतं. अण्णा गेला आणि त्याच्या मुलाच्या मुलानं, स्वरूपनं, घराची न्हाणी पाडून बाथरूम केलं. वर्षातले पंधरा दिवस राहणार, पण भिंतीवर गीझर पाहिजे. कपडे धुवायचं मशीन पाहिजे. मायक्रो का काय तो पाहिजे. त्याचं बघून बाकीच्यांनीही आणलं. आमच्या वाडीत माणसांपेक्षा मशिनं जास्त झाली. स्वरूप जाताना महिपतला बजावून जायचा, "काका, गीझर रिकामा ठेवू नका हां. रिकाम्यात चालू झाला तर कॉइल जळते." त्या दिवसापासून महिपतनं सगळ्यांचे गीझर भरून ठेवले. आणि एक गोष्ट त्यानं आपल्या डोक्यानं केली. मुंबईकर जाताना उरलेलं सामान डब्यांत ठेवून जायचे आणि उंदीर डब्यांची झाकणं कुरतडायचे. महिपतनं तांदूळ, डाळ, पोहे, गूळ, सगळं पिशव्यांत बांधून कपड्यांच्या मशिनांत, मायक्रोत, बंद फ्रीजमध्ये कोंबलं. मला एकदा ओटीवर बसून सांगत होता, "वयनी, उंदराच्या बापाला ते झाकण उघडायचं नाय." मी म्हटलं, "उंदराचं सोडा, मालकाला तरी उघडता येतं काय?"

तर त्या साली करोनाची दुसरी खेप आली. शिमग्याला मुंबईकर येऊन गेले होते आणि मे महिन्याचं सामान आधीच भरून ठेवून गेले होते. मे महिन्यात यायचं तर वाट बंद झाली. त्यांची घरं भरलेली आणि आमच्यात कामधंदा नाही. त्यात वादळ आलं.

वादळाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी टीव्हीवर बघितलं त्यांना सांगून उपयोग नाही. एवढंच सांगते की रात्रभर आभाळ पाणी ओतत होतं आणि आमच्या वाडीतला एकेक शहाणा दारं धरून देवाचं नाव घेत होता. हंडे-कळशा घरात जवळपास कोरड्या. बाहेर ठेवायचं कोणाला सुचलं नाही. सकाळी ऊन पडलं, आकाश धुतल्यासारखं निळं, आणि प्यायला पाणी नाही.

नळाची योजना विजेवर चालते. विजेचे खांब आडवे झालेले. घरांवरच्या काळ्या टाक्या चेंडूसारख्या उडून खाली बागेत गेल्या. राहिली वाडीची विहीर. तिच्या बाजूला आंबा फवारणीच्या औषधांची शेड होती. ती विहिरीला लागून बांधू नका म्हणून आम्ही बायकांनी किती वेळा सांगितलं होतं, पण बायकांचं ऐकलं तर मिशी गळून पडते ना! शेडचं छप्पर गेलं आणि औषधाचे कॅन विहिरीत. पाण्यावर पांढरा तवंग आणि वास असा, की कावळासुद्धा काठावर बसत नव्हता. पऱ्याजवळचा, म्हणजे ओढ्याकाठचा, झरा मे महिन्यात असतोच कोरडा. रात्रीचं पावसाचं पाणी पऱ्यातनं लाल चिखल घेऊन वाहून गेलं होतं. रस्त्यावर झाडांवर झाडं. फोनचा टॉवर वाकलेला.

आंबे मात्र वारेमाप. पायाखाली हापूस. एरवी ज्याच्याकडे बघायला पैसे पडतात, तो चिखलात लोळत होता. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आंबे खाल्ले, पडलेले नारळ फोडून पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीची पोटं बिघडली. आता पोट बिघडल्यावर तर पाणी जास्तच लागतं. बापये, म्हणजे वाडीतले पुरुष, पडलेल्या फणसाच्या खोडावर बसून चर्चा करत होते की हे काम पंचायतीचं का वीजमंडळाचं. चर्चेला पाणी लागत नाही.

माझ्या घरात तेजस्वी होती, माझी नातसून. बाळंत होऊन आलेली, बाळाचं बारसंही झालं नव्हतं. नातू विठू जयगडच्या बंदरात कामाला, वादळाच्या आदल्या दिवशी गेला तो तिकडेच अडकला. माझी तांदळाची कणगी कौलं उडाल्यानं भिजून आंबलेली. घरात एक कळशी पाणी होतं, ते मी तेजस्वीला घोटाघोटानं देत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली, "आजी, दूध उतरत नाही हो." बाळ रडून रडून थकलं होतं. रडणारं पोर परवडतं. गप्प झालेलं बघवत नाही.

मी कळशीचा तळ बघितला आणि उठले. महिपतकडे गेले.

हा दारात बसून किल्ल्या पुसत होता. गोडं तेल लावून! घरात तेलाचा थेंब भाजीला नाही आणि कुलपांच्या किल्ल्यांना तेल.

"भावजी," मी म्हटलं, "घरं उघडा. गीझरात पाणी हाय, मशिनांत तांदूळ हाय. तेजस्वीचं दूध आटतंय."

"बरोबर हाय," तो म्हणाला. "मालकाचा फोन लागू दे, लगेच उघडतो."

"टॉवर वाकलाय."

"मी सकाळी सड्यावर जाऊन आलो. तिकडं बी लागत नाय. संध्याकाळी परत जातो."

"संध्याकाळपर्यंत बाळानं काय करायचं? तुमच्या कुलपाकडं बघत बसायचं?"

"वयनी, तुम्ही रागावू नका. किल्ली माझ्या हातात हाय, घर माझं नाय. आज तुमच्यासाठी उघडलं तर उद्या कोण पन म्हनेल. मालकाला इचारल्याशिवाय मी आजवर कडी काढली नाय."

मला असं झालं की ते किल्ल्यांचं कडं घ्यावं आणि त्याच्याच टाळक्यात घालावं. तेवढ्यात बाळा आला, महिपतचा पुतण्या. चांगला टोणगा, दोन पोरांचा बाप. हातात पहार. "काका, बाजूला व्हा," म्हणाला. "मी कुलूप फोडतो."

महिपत उठला. अंगात काय, काडी! पण अण्णाच्या घराकडे जायच्या वाटेवर आडवा हात धरून उभा राहिला. "फोड. आधी माझं डोकं फोड. कुलूप मग."

पुतण्याची पहार खाली आली. ह्या वाडीतले बापये असेच. डोकं फोडायला धीर होत नाही आणि शहाणपण सुचत नाही.

तेव्हा आतनं गंगा आली. इतका वेळ ती चुलीपुढे बसून ऐकत होती. चुलीवर काही नव्हतं. दाराच्या चौकटीला टेकली आणि मला म्हणाली, "वयनी, ह्यांना कशाला सांगतेस? ह्यांना माणसाचं ऐकू येत नाय. कुलपाचं येतं."

"तू गप," महिपत म्हणाला.

"गप्पच हाय. राही पोटात होती तेव्हापासनं गप्प हाय. एक इचारते. अण्णाचं घर कोणाचं?"

"स्वरूपचं."

"स्वरूपचं कसं? अण्णा गेले, तेव्हा तुम्हीच बाराव्याला त्यांच्या दाराशी गाऱ्हाणं घातलंत ना? काय म्हनलात? 'अण्णा, आता ह्या चौकटीत ऱ्हा आनि तुझ्या घराची राखण कर.' म्हनलात का नाय?"

महिपतनं आडवा हात खाली घेतला.

"मग मालक चौकटीत बसलाय. त्याला फोन कशाला पाहिजे? जावा, इचारा त्याला. त्याचा टॉवर नाय वाकलेला."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला किंवा वाडवडिलांना सगळ्यांदेखत मोठ्यानं घातलेलं साकडं. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्याकडे ते घालायचा मान लवू गुरवाचा. महिपतला त्याची भारी हौस. पण त्याला विचारतो कोण! अण्णाच्या बाराव्याला लवू तापानं पडला होता म्हणून जन्मात एकदा हा मान ह्याला मिळाला. ते गाऱ्हाणं त्यानं इतकं लांबवलं होतं, की कावळासुद्धा कंटाळून उडून गेला होता.

आता मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तेजस्वीचं ऐकून जे हललं नव्हतं, पहार बघून हललं नव्हतं, ते आता हललं. डोळे चमकले. म्हणाला, "तसं बघायला गेलं तर रीत बरोबर हाय."

रीत! तेजस्वीच्या तान्ह्याच्या घशाला कोरड पडली तेव्हा रीत आठवली नाही. स्वतःचा आवाज चार माणसांत ऐकायला मिळणार म्हटल्यावर आठवली.

आणि मग तरी लगेच निघावं? नाही. आधी आत जाऊन गणपतीतला टॉवेल काढला, खांद्यावर टाकला. नारळ पाहिजे म्हणाला. मी चिखलातला उरलासुरला एक नारळ उचलून त्याच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "आता चला, नायतर तुमचं बारावं आधी घालू."

अण्णाच्या अंगणात वाडी जमली. सुकलेल्या ओठांची, बिघडलेल्या पोटांची वाडी. महिपत दारासमोर उभा राहिला, घसा खाकरला.

"बा म्हाराजा! ह्या घराच्या मूळ पुरुषा, अण्णा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज तुझ्या दाराशी तुझा किल्लीदार महिपत उभा हाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वारं आलं, वादळ आलं, झाडं गेली, पेडं गेली, खांब गेले, तारा गेल्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" जरा घाईनं.

तो काय काय गेलं ते सगळं सांगायला लागला. कोणाचा गोठा, कोणाचं छप्पर, कोणाच्या टाक्या. जसं काय अण्णा पंचनामा करणार होता. मी मागनं म्हटलं, "भावजी, पाण्यावर या." तेव्हा कुठे आला.

"वाडीत पिण्याला पानी नाय म्हाराजा! ओल्या बाळंतिणीला घास नाय म्हाराजा! तुझ्या घरात जे काय हाय ते आम्ही मागून घेतोय, चोरून घेत नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथं तो अडखळला. पाठ आमच्याकडेच होती, त्यामुळे तोंड दिसलं नाही. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आनि पोटासाठी घेतलं ते चोरी म्हनून मोजू नको म्हाराजा. ह्या वेळचं बी. मागल्या वेळचं बी."

एक क्षण कोणाला कळलंच नाही की आता काय म्हणायचं. मागे अंगणाच्या कडेला गंगा उभी होती. तिनं एकटीनंच मोठ्यानं म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

महिपतनं नारळ फोडला, कुलूप काढलं.

मग जो काय तमाशा झाला! महिपत एकटा आत गेला, कोणाला येऊ देईना. गीझरची खालची नळी सोडली आणि बादली लावली. पाणी आलं. जरा पिवळट, लोखंडाच्या वासाचं, पण पाणी. बादली भरून दारात आणली तेव्हा माणसं अशी बघत होती, जशी काय आत गंगामाई प्रकटली. मशिनातनं तांदूळ निघाले, मूगडाळ निघाली, मायक्रोतनं गुळाची ढेप. बंद फ्रीजमधनं पोहे. बाळा दारातनं म्हणाला, "काका, संडासाच्या वरच्या टाकीत बी असेल की पानी!"

"हाय," महिपत आतनं म्हणाला. "आणू?"

"संडासाचं पानी?" कोणीतरी तोंड वाकडं केलं.

मी म्हटलं, "पिऊ नको रे बाबा, तुला कोण पी म्हनतंय? त्यात तेजस्वीच्या बाळाची दुपटी धुऊ. कालपर्यंत औषधाच्या विहिरीत कळशी टाकून बघत होतात, आता सोवळं सुचतंय."

बादल्या घ्यायला माणूस लागत होतं. महिपतनं दारातनं हाक मारली, "गंगा, आत ये. बादली धर."

गंगा पायरीच्या खाली उभी होती. म्हणाली, "इथनंच धरते."

त्यानं बादली उंबरठ्यावर ठेवली, तिनं बाहेरनं ओढून घेतली. सबंध दुपार हे असं चाललं. तो उंबरठ्याच्या आत, ती बाहेर. शेवटी त्यानं स्वयंपाकघरातनं लोणच्याची बरणी आणली, लिंबाच्याच लोणच्याची, आणि तिच्यासमोर धरली.

"घे. इचारलंय आता."

गंगानं बरणीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "आता डोहाळे नायत," म्हणाली, आणि पाण्याची बादली उचलून माझ्या घराकडे चालायला लागली.

पाणी उकळलं, गाळलं. गूळ घालून मऊ भात केला, तेजस्वी पोटभर जेवली. तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. दिवेलागणीला बाळ अंगावर प्यायला लागलं तेव्हा मी पडवीत येऊन बसले. मला त्या दिवशी महिपतचा राग यायचा थांबला असं मात्र नाही. पाणी सकाळीही तिथंच होतं.

पुढे प्रत्येक घराला वेगळं गाऱ्हाणं! एकात सगळ्यांचं उरकू म्हटलं तर ऐकेना. "प्रत्येकाचा मूळ पुरुष वेगळा," म्हणे. रस्ता मोकळा होऊन टँकर येईपर्यंत वाडी रोज कोणाच्या तरी अंगणात 'व्हय म्हाराजा' करत होती आणि गीझरचं पाणी पीत होती. महिपतचा आवाज बसला, पण छाती वर आली होती.

टॉवर उभा राहिला तसा हा सड्यावर फोन घेऊन पळाला. मी बजावलं, "भावजी, लोकं विचारतील तेव्हा सांगा. आपणहून कशाला?" पण गंगाला ज्यानं सोडलं नाही, तो स्वतःला सोडणार? प्रत्येक मालकाला फोन करून सांगितलं, काय घेतलं, किती घेतलं, कोणी खाल्लं. स्वरूप म्हणाला, "अहो काका, असं काय! माणुसकी आहे." महिपत म्हणाला, "आनि गीझर रिकामा हाय. टाकी उडाली, परत भरता आला नाय. आल्यावर बटन दाबू नकोस." स्वरूप म्हणाला, "हो हो काका." हो हो म्हणताना हा पोरगा कॉम्प्युटरवर दुसरंच काहीतरी करत होता, हे मी इथे बसून सांगते.

गणपतीला स्वरूप आला. गाडीतनं उतरला, घामाघूम. टाकी अजून बसवायची होती. बायको म्हणाली, पाणी तापवायला ठेव. ह्यानं बटण दाबलं. थोड्या वेळानं धूर.

मग माणुसकी कुठे गेली? अंगणात उभा राहून ओरडत होता, "काका, तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती! गीझर रिकामा ठेवू नका!"

"मी फोनवर सांगितलं होतं," महिपत म्हणाला.

"कधी?"

महिपतनं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. समोर आरतीला जमलेली माणसं होती. मला वाटलं, आता सांगेल. अण्णाच्या ह्याच ओटीवर बायकोचं नाव घ्यायला ह्याला लाज वाटली नव्हती. पण मालकाच्या नातवाला चारचौघांत खोटा पाडायचा म्हटल्यावर वाचा गेली. म्हणाला, "चुकलं असेल माझं."

मी ओरडले, "काय चुकलं? ह्या गीझरनं माझा पणतू जगलाय!" स्वरूपच्या बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मी तिच्या बाथरूमात आंघोळ केली. शिवाय तिच्या मशिनात मूगडाळीचे दाणे राहिले होते, ते तिच्या ड्रेसला चिकटून आले, त्याचाही राग होता.

जाताना स्वरूपनं किल्ली मागून घेतली. "काका, तुमचं वय झालं, त्रास नको," म्हणाला. दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं, वर एक कॅमेरा. मुंबईत बसून फोनवर अंगण दिसतं म्हणे. अंगण बघायला मुंबईला जायचं आणि तिथनं बघायचं! त्याचं बघून बाकीच्यांनी बसवलं, जसे गीझर बसवले तसेच. किल्ल्या एकेक करून गेल्या. ज्यांच्या अंगणात आम्ही गाऱ्हाणी घातली त्यातला एकही म्हणाला नाही, की माझी राहू दे.

महिपत प्रत्येक किल्ली तेल लावून, पुसून परत करायचा. शेवटी कमरेला नुसतं कडं राहिलं. ते काही काढलं नाही त्यानं. आता चालताना वाजायचा नाही, एवढाच फरक. मला सवय झालेली, त्यामुळे तो अचानक मागे येऊन उभा राहिला की मी दचकायची.

गंगा म्हणाली, "आता तरी संध्याकाळी घरात बसा." बसला नाही. किल्ली नाही, काम नाही, टॉवेल नाही, तरी फेरी चालूच. अंगणातला पाला काढायचा, कुलूप ओढून बघायचं. ते आकड्यांचं कुलूप ओढलं की टूं टूं करतं आणि तिकडे स्वरूपच्या फोनवर घंटी वाजते. सुरुवातीला कॅमेऱ्यातनं त्याचा आवाज यायचा, "कोण आहे? कोण आहे तिथं?" महिपत मान वर करून सांगायचा, "मीच हाय." पुढे तिकडनं आवाज यायचा बंद झाला. पण हा रोज सांगायचाच.

गेल्या माघात महिपत झोपेतच गेला. आदल्या संध्याकाळी मी गडग्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या काढत होते. हा अण्णाच्या अंगणात आला. खराट्यानं पाला एका कोपऱ्याला लोटला. धाप लागली होती, पायरीवर जरा टेकला, उठला. कुलूप धरून दोनदा ओढलं. टूं टूं झालं. मान वर करून कॅमेऱ्याला म्हणाला, "मीच हाय. कुलूप लागलेलं हाय."

मग मी दिसले. म्हणाला, "वयनी, तुमच्या मागल्या दाराची कडी मोडलीय. कधीची सांगतोय."

"माझ्या घरात काय ठेवलंय चोरायला?" मी म्हटलं. "तुम्ही तुमचं बघा."

"तुम्हाला काय सांगून उपयोग नाय," असं म्हणत त्यानं खराटा काखेत धरला आणि पाखाडी उतरून पुढच्या घराकडे गेला.